प्यूटर: घरातल्या त्या करड्या भांड्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्यूटरची भांडी कोकणात घडत नाहीत, पण येतात मात्र बऱ्याच वाटांनी. बोटीवर नोकरी केलेल्या काकांनी सिंगापूरहून किंवा क्वालालंपूरहून आणलेला मग, एखाद्या जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतलेला चहाचा सेट, क्रिकेटच्या स्पर्धेतला काळपट चषक. गणपतीआधी माळा उतरवला की अशी वस्तू हाती लागते. मग घरात एक जण म्हणतो चांदी, दुसरा म्हणतो जर्मन, आणि तिसरा ती चिंच लावून घासायला घेतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ओळखीच्या घरांमधून या वस्तूंबद्दल जे प्रश्न येत राहतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर शिशाविषयीचा प्रश्न तेवढा नक्की वाचा.

प्यूटर म्हणजे नेमकं काय?

प्यूटर हा मुख्यतः कथलाचा, म्हणजे टिनचा, मिश्रधातू आहे. नुसतं कथील फार मऊ असतं, त्याचा चमचा हातानेही वाकतो. म्हणून त्यात थोडं तांबं आणि अँटिमनी, कधी बिस्मथ हे धातू घालतात. चांगल्या आधुनिक प्यूटरमध्ये कथील ९० टक्क्यांच्या वर असतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या शेफील्डला 'ब्रिटानिया मेटल' नावाचा प्रकार पुढे आला. त्याचं नेहमीचं प्रमाण ९२ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी आणि २ टक्के तांबं. हा प्रकार जरा टणक असल्याने त्याचे पातळ पत्रे लाटता येतात, आणि त्या पत्र्यांपासून किटल्या, साखरदाण्या घडवता येतात.

जुन्या प्यूटरमध्ये मात्र शिसंही असायचं. कथील महाग आणि शिसं स्वस्त, हे त्याचं साधं कारण.

मराठीत त्याला काय म्हणायचं?

रूढ शब्द नाही, प्यूटरच म्हणतात. काही जण त्याला जस्त म्हणतात, काही कासं म्हणतात, पण दोन्ही चूक आहे. जस्त हा स्वतंत्र धातू आहे. काशात तांबं जास्त आणि कथील कमी असतं, प्यूटरमध्ये नेमकं उलट.

मग कल्हई म्हणजे प्यूटरच की!

नाही. पण धातू तोच, म्हणून कल्हई ज्याने पाहिली आहे त्याला प्यूटर समजायला सोपं जातं. कल्हईवाला पितळेचा टोप साफ करून शेगडीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो. मग तो कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते पातळ झालेलं कथील आतून फिरवतो. नवसागरामुळे पितळेवरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि कथील धातूला नीट धरतं. कल्हईचा थर अगदी पातळ असतो, आणि त्याच्या खाली तांबं किंवा पितळ असतं. प्यूटरचं भांडं मात्र सगळंच त्या मिश्रधातूचं.

कल्हई करतात ती कशासाठी, हे कोकणातल्या कोणत्याही आजीला विचारा. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवला की कळकतो. ताक, आमसुलाचं सार, चिंच घातलेलं तिखलं, या सगळ्यांतल्या आम्लामुळे तांबं सुटतं, चव बिघडते आणि पोटही बिघडतं. कथील आम्लाला तांब्यापेक्षा पुष्कळ शांतपणे तोंड देतं. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य मानली आहेत. कल्हईवाले गावात येईनासे झाले आणि स्टीलने त्यांची जागा घेतली, पण त्या कामामागचं रसायनशास्त्र अगदी पक्कं होतं आणि आहे.

एक काळजी घ्या. कल्हई करून घेताना कांडी शुद्ध कथलाचीच आहे ना, हे विचारा. डाख द्यायच्या, म्हणजे धातूचे तुकडे सांधायच्या, कांडीत बऱ्याचदा शिसं मिसळलेलं असतं, ती अन्नाच्या भांड्याला लागता कामा नये.

चांदी, जर्मन, जर्मन सिल्व्हर आणि प्यूटर यांतलं आपल्याकडे काय आहे, कसं ओळखायचं?

आधी तळ बघा. इंग्रजी अक्षरांत 'ईपीएनएस' कोरलेलं असेल तर ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, आणि त्यावर चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये स्वतःची चांदी अजिबात नसते. 'ईपीबीएम' असेल तर खाली ब्रिटानिया मेटल, म्हणजे प्यूटरच, आणि वर चांदीचा मुलामा. हा दोन अक्षरांचा फरक लोक नजरेआड करतात. मग ईपीबीएमची किटली सोनाराकडे जाते, तो तिला ज्योत लावतो आणि तोटी गळून पडते.

'प्यूटर' असा शब्द, कारागिराचं किंवा कंपनीचं नाव, मुकुटाखाली एक्स अक्षर, अशा खुणाही असतात. मुकुटाखालचा एक्स हे जुन्या काळात उत्तम दर्जाचं चिन्ह मानत, पण पुढे ते कुणीही ठोकू लागलं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. मलेशियातली रॉयल सेलांगोर ही १८८५ पासूनची कंपनी आहे आणि बोटीवरून आपल्याकडे आलेल्या मगांवर तिचं नाव हमखास दिसतं.

खूण नसेल तर हातात घेऊन पाहा. आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो ते ॲल्युमिनियम, फार हलकं. प्यूटर त्याच्या अडीचपटीहून जड. चांदी प्यूटरपेक्षाही जड, आणि ती काळी पडते ती पिवळसर-निळसर छटेने. प्यूटर नुसतं करडं होत जातं. लोहचुंबक प्यूटरला चिकटत नाही. टिचकी मारली तर शिसं जास्त असलेलं भांडं बद्द वाजतं, चांगल्या प्यूटरचा आवाज जरा खणखणीत येतो. कानावर भरवसा नसेल तर पुढची चाचणी करा.

घरच्या घरी खात्री करायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि तिला कुठलंही रसायन लागत नाही. ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा, एक मोठं पातेलं आणि दोरा एवढं पुरतं.

प्रथम वस्तू कोरडी असताना तिचं वजन घ्या. मग काट्यावर पाणी भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि आत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा दिसेल, तेवढे घनसेंटिमीटर तिचं आकारमान. वजनाला त्याने भागा. समजा मग ३६५ ग्रॅमचा आहे आणि बुडवल्यावर काटा ५० दाखवतो, तर घनता ७.३.

कथलाची घनता साधारण ७.३, शिशाची ११.३. त्यामुळे उत्तर ७.३ च्या आसपास आलं तर चांगलं प्यूटर असण्याची शक्यता मोठी. वीस टक्के शिसं असेल तर घनता ७.९ च्या जवळ जाते, चाळीस टक्के असेल तर ८.५. ॲल्युमिनियम २.७ दाखवेल. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साधारण साडेआठच्या आसपास, पण ते टणक असतात, सुईने सहज चरा पडत नाही. स्टील आठच्या जवळ, तेही टणक. चांदी साडेदहाच्या आसपास. एका बाबतीत ही चाचणी फसते: मगाचा तळ काचेचा असेल, दांडा पोकळ असेल किंवा आत वाळू-लाकूड भरलेलं असेल तर आकड्याला अर्थ नाही. आणि एक-दोन टक्के शिसं या पद्धतीने पकडता येत नाही.

शहरात सोन्याचा कस तपासणारं एक्सआरएफ यंत्र असतं. ते धातूला धक्का न लावता त्यात काय-काय आहे ते सांगतं. काही सोनार सोन्या-चांदीखेरीज इतर धातूंचे आकडेही काढून देतात. विनंती करून पाहायला हरकत नाही. महत्त्वाची वस्तू असेल तर एवढा त्रास घ्यावाच.

त्यात शिसं असेल तर किती काळजी करायची?

खाण्यापिण्यासाठी वापरत असाल तर पूर्ण काळजी करायची. शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण रक्तात नसतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गर्भावर त्याचा परिणाम सगळ्यात वाईट होतो. ते साठत जातं, हाडांत मुरतं आणि सुरुवातीला काहीच लक्षण दिसत नाही. जुन्या प्यूटरमध्ये शिशाचं प्रमाण काही टक्क्यांपासून पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत असू शकतं. आंबट पेय, मद्य, गरम पदार्थ, जास्त वेळ साठवण, या प्रत्येकाने ते अधिक सुटतं.

म्हणून नियम सरळ ठेवा. ज्या जुन्या प्यूटरची खात्री नाही ते फक्त मांडून ठेवायचं. त्यात पाणीही प्यायचं नाही, बाळाला चमचा म्हणून चोखायला तर मुळीच द्यायचं नाही. "आजोबा आयुष्यभर त्यातूनच चहा प्यायचे" हे मी किती घरांत ऐकलं आहे. आजोबांच्या आठवणीला धक्का न लावता तो पेला शोकेसमध्ये ठेवता येतो.

आजचं अन्नासाठीचं प्यूटर वेगळं. युरोपातल्या मानकानुसार त्यात शिसं ०.२५ टक्क्याच्या आत असावं लागतं, आणि चांगले उत्पादक ते मुळात घालतच नाहीत. विकत घेताना 'लेड-फ्री' आणि 'फूड सेफ' हे दोन्ही शब्द लेबलावर पाहा. बाजारात 'व्हाइट मेटल' म्हणून जे मिळतं त्यात काहीही असू शकतं, ते जेवणाच्या टेबलावर आणू नका.

शिसं नसलेल्या प्यूटरच्या पेल्यात सोलकढी चालेल का?

ओतून लगेच प्यायला चालेल. पेला रिकामा झाला की धुऊन टाका. साठवायला चालणार नाही. सोलकढीत आमसुलाचं आम्ल आणि मीठ दोन्ही असतं, आणि ही जोडी कथलाला त्रास देते. रात्रभर ठेवलेल्या सोलकढीने पेल्याच्या आत काळपट वर्तुळ उमटतं आणि चवीला धातूचा वास लागतो. कोकमाचं आगळ तर प्यूटरमध्ये कधीच ठेवू नये, त्याची जागा चिनी मातीच्या बरणीत किंवा काचेच्या बाटलीत. माडी, लिंबू सरबत, लोणचं यांनाही हेच लागू. पाणी, दूध, थंड चहा यांना काही अडचण नाही.

गॅसवर किंवा चुलीवर ठेवता येईल का?

कधीच नाही. प्यूटर साधारण १७० ते २३० अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे तळणीच्या तेलाच्या तापमानाच्या आसपास. गॅसवर ते काही मिनिटांत बसतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, निखाऱ्यांची कड, काहीच नको. शिसं नसलेल्या प्यूटरमध्ये उकळता चहा ओतायला हरकत नाही. कल्हईच्या टोपालाही याच कारणाने कोरडं तापवू नये, २३२ अंशांना कथील वितळून एका बाजूला गोळा होतं.

आमचं घर अगदी समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेने प्यूटर गंजेल का?

लोखंडासारखं गंजणार नाही. मालवण किंवा हर्णैसारख्या ठिकाणी खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात, तसं प्यूटरचं होत नाही. पण खाऱ्या दमटपणात त्यावर बारीक काळे ठिपके पडू शकतात. हवेतलं मीठ पृष्ठभागावर बसतं, दमटपणाने ओलं होतं आणि त्या एवढ्याशा जागी धातूला खायला लागतं. ठिपका खोल गेला की घासून निघत नाही. उपाय साधा आहे: पावसाळ्यात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं पुसा, समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. खारट दाण्यांची वाटी किंवा मीठदाणी म्हणून वापर करायचा असेल तर आत काचेची वाटी बसवून घ्या.

कपाटाचं लाकूडही पाहा. नव्या, विशेषतः ओलसर लाकडातून आणि काही गोंदांतून आम्लाची वाफ सुटते आणि बंद कपाटात प्यूटर पांढुरकं-काळं पडतं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, मऊ सुती कापडात ठेवा.

घासायचं कशाने?

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. एवढंच. काथ्या नको, चुलीची राख नको, वाळू नको, तारेची घासणी तर नकोच. चिंच, लिंबू-मीठ आणि पितळेच्या पावडरी या तांब्या-पितळेसाठी आहेत, प्यूटरवर त्यांनी डाग पडतात. भांडी धुण्याच्या यंत्रात टाकू नका.

प्यूटर तीन रूपांत येतं: झगझगीत, मंद साटिनी, आणि मुद्दाम काळपट केलेलं. झगझगीत असेल तर बारीक चाळलेली खडूची पूड गोड्या तेलात कालवून, मऊ कापडाने हलक्या हाताने फिरवा. साटिनी असेल तर पृष्ठभागावरच्या रेषा जिकडे जातात तिकडेच पुसा. काळपट केलेल्या वस्तूला चकाकी आणायचा प्रयत्न करू नका. नक्षीच्या खाचांतला काळेपणा हीच तिची घडण असते, आणि हौसेने घासून ती उडवलेली अनेक तबकं मी पाहिली आहेत.

थंडीत कथलाचा भुगा होतो म्हणतात. दापोलीत होईल का?

शुद्ध कथील १३ अंशांच्या खाली हळूहळू करड्या भुशीत बदलू शकतं, हे खरं. पण तो बदल जोमाने व्हायला कडाक्याची, शून्याच्या बरीच खालची थंडी दीर्घकाळ लागते, आणि प्यूटरमधलं अँटिमनी-बिस्मथ त्याला अडवतं. दापोलीच्या थंडीत काही होणार नाही.

प्यूटरचा उपयोग कशाकशासाठी होत आला आहे?

चिनी मातीची आणि काचेची भांडी स्वस्त होण्याआधी युरोपातल्या मध्यम घरांची ताटं, वाडगे, मग, मीठदाण्या, मेणबत्तीची घरं प्यूटरची असत. श्रीमंतांकडे चांदी, गरिबांकडे लाकूड, आणि मधल्यांकडे प्यूटर. हा धातू मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. इजिप्तमध्ये अबायडॉस इथल्या थडग्यात सापडलेली प्यूटरची कुपी इ.स.पू. सुमारे १४५० ची मानतात. लंडनमध्ये १३४८ मध्येच या कारागिरांनी धातूच्या दर्जाचे नियम मंजूर करून घेतले होते. शिसं किती घालायचं यावर बंधन हवं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कारागिरांचे ठसे ज्या पत्र्यांवर नोंदवून ठेवत, ते सुरुवातीचे पत्रे १६६६ च्या लंडनच्या आगीत गेले.

जहाजांवर प्यूटर असायचंच, कारण पडलं तर फुटत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश युद्धनौकेतून प्यूटरची भांडी वर काढली आहेत. राजापूरला इंग्रजांची आणि वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, त्या सतराव्या शतकात हीच भांडी युरोपीय जहाजांच्या जेवणाच्या मेजावर असत.

आज पेले आणि ताटांपेक्षा इतर उपयोग जास्त: चषक, पदकं, बिल्ले, गुंड्या, फोटोच्या चौकटी, छोट्या मूर्ती, चहा ठेवायचे घट्ट झाकणाचे डबे. दागिन्यांतही ते येतं. निकेल न सोसणाऱ्या कातडीला चांगलं प्यूटर सहसा त्रास देत नाही, पण कानातल्याची तार वेगळ्या धातूची असते, ती विचारून घ्या. ऑस्करची बाहुली कित्येक वर्षं आतून ब्रिटानिया मेटलची आणि वरून सोन्याच्या मुलाम्याची असे. २०१६ पासून ती ब्राँझची करतात.

बिदरीचं काम म्हणजे प्यूटर का?

नाही. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं, आणि काळ्या पृष्ठभागात चांदी ठोकून बसवलेली. ते टणक आहे आणि त्याला चांगली चारशे अंशांची आच लागते.

घरी प्यूटर ओतून वस्तू करता येते का?

येते, आणि त्यासाठी लागणारा उत्तम साचा आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेला असतो. माकुलाच्या पाठीतलं पांढरं, ठिसूळ हाड, समुद्रफेन म्हणतात ते, वाळूत सापडतं. सोनार फार पूर्वीपासून त्यात ओतकाम करतात. ते इतकं मऊ की बोटाने दाबून ठसा उमटतो, आणि तापलेला धातू ओतला तरी टिकतं. त्याच्या थरांच्या लाटांसारख्या रेषा ओतलेल्या वस्तूवर उमटतात. ती नक्षी कुठल्याही रबराच्या साच्यात मिळत नाही.

मोठं हाड मधोमध कापून दोन्ही भाग खरखरीत फरशीवर घासून सपाट करा. मधे बटण किंवा शिंपल्यासारखी टणक वस्तू ठेवून दोन्ही भाग दाबा. मग ती काढून वरून धातू ओतायला नरसाळ्यासारखी वाट आणि हवा निसटायला बारीक रेघा कोरा. दोन्ही भाग तारेने बांधा. लेड-फ्री ओतकामाचं प्यूटर लोखंडी पळीत वितळवा, उभ्या साच्यात एका दमात ओता, आणि हात लावण्याआधी पूर्ण निवू द्या.

सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. हाड ओलं असेल तर आत वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. किनाऱ्यावरून आणलेलं हाड गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा आणि मग कडक उन्हात कित्येक दिवस वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे. काम उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नाही, आणि ती पळी पुन्हा अन्नाकडे जाऊ देऊ नका.

पागाचं जुनं शिसं घरात पडलेलं आहे. ते वितळवून चालेल?

नाही. जाळ्याचं शिसं म्हणजे शिसंच, त्यात कथील घातलं तरी चांगलं प्यूटर होत नाही. त्याची धूळ हातांवरून तोंडात जाते. जुन्या बॅटरीतलं शिसं त्याहून वाईट. जाळं ओवणाऱ्यांनीसुद्धा शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये, आणि गोळी दाताने चावून दोरीवर बसवायची सवय सोडावी. मुलांच्या हाती ती देऊ नये.

दांडा सुटला किंवा भोक पडलं तर कुठे दुरुस्त करायचं?

नेहमीच्या डाख देणाऱ्याकडे नेऊ नका. त्याच्या ज्योतीने आणि साध्या डाखेने भोक मोठं होईल. प्यूटरला बिस्मथ असलेला, फार कमी तापमानाला वितळणारा डाख लागतो आणि सवयीचा हात लागतो. पोचा पडला असेल तर आतून लाकडाचा गोल तुकडा धरून अंगठ्याने हळूहळू उठवता येतो, हातोडी लागत नाही. अन्नासाठी वापरायची वस्तू असेल तर डाखेत शिसं नाही, हे लेखी विचारा.

मग जुनं प्यूटर मोडीत द्यावं का?

देऊ नका, निदान लगेच नको. भंगाराच्या काट्यावर त्याला ॲल्युमिनियमचा किंवा शिशाचा भाव लागतो, आणि कथील तर तांब्यापेक्षाही महाग आहे. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ठसे असलेली वस्तू वितळली की तिची ओळखही जाते. आधी तळाचे फोटो तिरप्या उजेडात काढा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. वजन, उंची, घनतेचा आकडा आणि ती घरात कुणी, कुठून आणली, हे एका कागदावर लिहून वस्तूच्या आत ठेवा. शिशाचा संशय असेल तर त्याच कागदावर 'खाण्यापिण्यास वापरू नये' असं ठळक लिहा, कारण पुढच्या वेळी माळा उतरवणाऱ्याला हे ठाऊक नसणार.